नव्याण्णव रुपयांचं डोमेन आम्हाला कितीला पडलं

शेतकरी उत्पादक कंपनी असो, बचत गट असो, डाळ मिल असो की गावातली शाळा, ज्यांची वेबसाइट दुसऱ्या कुणी ‘करून दिली’ आहे त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती. आमच्या शेतकरी कंपनीच्या वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, आमच्या हातून गेलं आहे. त्या नावावर आज जुगाराच्या जाहिराती दिसतात, आणि ज्या खोक्यांवर ते नाव छापलंय ती खोकी अजून लोकांच्या घरात आहेत.

आम्ही मोर्शी-वरूड पट्ट्यातले संत्रा उत्पादक. बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि इकडे ठोक्यानं बगीचा घेणारा व्यापारी भाव पाडत गेला. तेव्हा आमच्यातल्या काही जणांनी आंबिया बहाराचा माल खोक्यात भरून थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पाठवायला सुरुवात केली. नागपुरी संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण शहरातल्या गिऱ्हाइकाला अस्सल माल नेमका कुठून मागवायचा हे कळत नाही. वेबसाइट हवी होती ती त्यासाठी.

दोन ठिकाणचे भाव आले. शहरातल्या एका एजन्सीनं नुसत्या नावाचे वर्षाला साडेतीन हजार सांगितले. तालुक्याच्या गावातल्या वेबसाइटवाल्यानं डोमेन नव्याण्णव रुपयांत लावलं. “भाऊ, नाव थेच, डॉट कॉम थेच. शयरवाले उगाच पैसे घेतात. मी आहो ना,” असं तो मीटिंगमध्ये म्हणाला. जवळचा माणूस, रोज दिसणारा, वर स्वस्त. ठराव झाला.

नव्याण्णव या आकड्यामागचा हिशेब आम्हाला पुढे समजला. डॉट कॉमची सगळी नावं व्हेरिसाइन नावाच्या अमेरिकन कंपनीच्या नोंदवहीत असतात. ती रजिस्ट्रारकडून, म्हणजे लोकांना नावं नोंदवून देणाऱ्या मान्यताप्राप्त कंपन्यांकडून, दर नावामागे दर वर्षी ठरलेली घाऊक रक्कम घेते. लहान-मोठ्या सगळ्या रजिस्ट्रारना दर एकच. सप्टेंबर २०२४ पासून तो १०.२६ डॉलर झाला, म्हणजे आपले नऊशेच्या आसपास. त्यावर आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संस्थेचं थोडं शुल्क आणि आपल्याकडे १८ टक्के जीएसटी. आम्ही नाव घेतलं तेव्हाही घाऊक दर नऊ डॉलरच्या आगेमागे होता. म्हणजे नव्याण्णवला डॉट कॉम देणारा पहिल्या वर्षी खिशातून भरत असतो आणि ते पुढच्या वर्षांत वसूल करतो. मोठ्या कंपन्याही पहिल्या वर्षाला अशी सूट देतात, पण त्यांच्या पानावर नूतनीकरणाचा दर, बारीक अक्षरात का होईना, लिहिलेला असतो. आमच्या माणसानं तो सांगितलाच नाही. डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन असल्या नव्या शेपटांच्या नावांत तर पहिलं वर्ष शे-दीडशेत आणि पुढचं हजारांत, असं सर्रास चालतं.

दुसऱ्या वर्षी व्हॉट्सॲपवर बिल आलं, चार हजार आठशे. विचारलं तर म्हणाला, कंपनीनं रेट वाढवले. हंगाम तोंडावर होता, खोकी छापून आली होती, भरले. तिसऱ्या वर्षी त्यानं नऊ हजार मागितले. तेव्हा आम्ही नाव दुसरीकडे न्यायचं ठरवलं आणि त्यासाठी लागणारा ऑथ कोड मागितला. हा कोड म्हणजे नाव एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेण्याची किल्ली. नोंदलेल्या मालकानं मागितल्यावर रजिस्ट्रारला तो पाच दिवसांत द्यावाच लागतो, असा आयकॅनचा नियम आहे. या नियमाच्या भरवशावर आम्ही होतो.

मीटिंगला आलेल्या एका काकांनी सगळं ऐकून एकच विचारलं, “सातबारा कोनाच्या नावानं हाये, थे पाह्यलं का?”

पाहिलं. लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग या पत्त्यावर कोणीही आपलं डोमेन फुकट तपासू शकतो. व्यक्तीचं नाव-पत्ता २०१८ पासून बहुतेक ठिकाणी झाकलेला असतो, पण रजिस्ट्रार कोण, नोंदणी कधीची, मुदत कधी संपते हे दिसतं, आणि पुष्कळदा मालक संस्थेचं नावही. आमच्या नोंदीत मालक म्हणून त्या वेबसाइटवाल्याची फर्म होती. आमच्या कंपनीचं नाव कुठेच नव्हतं. तो स्वतः रजिस्ट्रारही नव्हता. कुणा रिसेलरच्या, म्हणजे मधल्या विक्रेत्याच्या, हाताखालचा रिसेलर होता. आम्ही मूळ रजिस्ट्रारला पत्र लिहिलं. त्यांनी सभ्य भाषेत कळवलं की आमच्या दप्तरी तुम्ही मालक नाही. आयकॅनकडे रजिस्ट्रारविरुद्ध तक्रारीचा फॉर्म असतो, पण तो नोंदलेल्या मालकाच्या कामाचा. आणि किरकोळ किंमत किती लावावी यात आयकॅन पडतच नाही.

पैसे आम्हीच भरले, पावत्या आमच्याकडे आहेत, तरी नाव त्याचं. अशी फसवणूक करायला ना हॅकर लागतो, ना मोठी विद्या. फॉर्म भरताना मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं की झालं.

मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी, आणि संपल्यावर पाच दिवसांत रजिस्ट्रारनं मालकाला सूचना पाठवायचीच असते. त्या सूचना त्याच्या ईमेलवर गेल्या. आम्ही नऊ हजारांवर घासाघीस करत राहिलो आणि ऐन आंबियाच्या तोडणीत वेबसाइट बंद पडली. नागपूरच्या ॲग्रोव्हिजन या कृषी प्रदर्शनात वाटलेल्या कार्डांवर तोच पत्ता होता, खोक्यावरचा क्यूआर कोडही तिथेच जात होता. लोक स्कॅन करायचे आणि भलतंच पान उघडायचं.

डॉट कॉमची मुदत संपली तरी नाव लगेच जात नाही. रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस साध्या दरात नूतनीकरण करू देऊ शकतो, मात्र किती दिवस द्यायचे हे तो ठरवतो. त्यानंतर ३० दिवस सोडवणुकीचे, त्यात वेगळा दंड लागतो. शेवटचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव बाजारात मोकळं. हे सगळे दिवस त्या माणसाला माहीत होते. सोडवणुकीच्या काळात त्यानं बावीस हजार सांगितले. एवढे पैसे कंपनीत नव्हते आणि असते तरी पुढच्या वर्षी आकडा कुठे गेला असता?

त्याच दिवसांत अनोळखी नंबरवरून एक फोन आला. आमचं डोमेन सुटायला आलंय हे त्याला बरोबर माहीत होतं. मुदतीची तारीख तर जगाला दिसते, त्यामुळे असे लोक पाळत ठेवूनच असतात. ‘नाव पकडून देतो, पाच हजार आगाऊ’ असं तो म्हणाला. आमच्या एका संचालकानं घाबरून यूपीआयनं पाठवले. नंतर फोन बंद. १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली आहे, पण पैसे तोवर त्या खात्यातून पुढे निघून गेले होते. असं काही झालंच तर १९३० ला पहिल्या तासाभरात फोन करा. रक्कम खात्यात असेल तरच ती गोठवता येते.

वेबसाइट गेली त्याचं दुःख आहेच. पण कुणाच्या लक्षात न येणारी आणि त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. त्याच नावावर आमचा ईमेल होता. बँकेत, कुरियरच्या खात्याला, सरकारच्या कंपनी निबंधकाच्या दप्तरी, फेसबुक पानाला, सगळीकडे तोच दिलेला. नाव ज्याच्या हाती जातं, त्याला त्या पत्त्यावर येणारं प्रत्येक पत्र उघडता येतं. ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून बटण दाबलं की नवीन पासवर्डची लिंक त्याच्याकडे. हे लक्षात आलं त्या रात्री आमच्या हिशेबनिसानं एकेक खातं उघडून ईमेल बदलला, आणि सकाळी बँक उघडायच्या आधी आम्ही दारात उभे होतो. नाव परक्याच्या हाती पडायच्या आत हे उरकलं म्हणून पैसा वाचला. तुमचं डोमेन अडकलं असेल तर वेबसाइटची चिंता नंतर करा, आधी ईमेल बदला.

यानंतर काही सभासदांचं मत झालं की स्वस्तानं मारलं, आता महागातलं घेऊ. शहरातल्या त्या एजन्सीकडून आम्ही साडेतीन हजारांचा तपशील लिहून मागवला. त्यात वेबसाइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राचे पैसे होते, जे लेट्स एनक्रिप्टसारखी संस्था फुकट देते. माहिती झाकण्याचे पैसे होते, जे पुष्कळ रजिस्ट्रार घेत नाहीत. गुगलमध्ये नोंदणीचे होते, आणि गुगलचं सर्च कन्सोल कोणालाही मोफत वापरता येतं. मालक म्हणून कुणाचं नाव लागेल, या प्रश्नाला उत्तर आलं, “ते आम्ही मॅनेज करतो.” महाग घेऊनही नाव त्यांच्याच खिशात राहिलं असतं.

शेवटी आम्ही डॉट इन घेतलं, थेट रजिस्ट्रारकडून. डॉट इनचा कारभार निक्सी ही भारतीय संस्था पाहते आणि तिनं मान्यता दिलेल्या रजिस्ट्रारची यादी उघड आहे. आयकॅनचीही तशीच आहे. पैसे कंपनीच्या खात्यातून गेले आणि मालकाच्या रकान्यात कंपनीचं नाव लागलं. संपर्काचा ईमेल मुद्दाम वेगळा, त्या डोमेनवर नसलेला दिला, कारण डोमेनच बंद पडलं तर सूचना तरी पोचावी. लॉगिन अध्यक्ष आणि सचिव दोघांकडे आहे, मोबाइलच्या कोडशिवाय उघडत नाही. नूतनीकरणाचा दर आधी वाचला, मग पाच वर्षांचे एकदम भरले. दहा वर्षांपर्यंत भरता येतात. आणि ऑथ कोड सापडतो का, हे पहिल्याच दिवशी पाहून घेतलं. वर्षाचा खर्च हजाराच्या आत आहे.

वेबसाइट बनवणाऱ्याला काम जरूर द्या, त्याची मजुरी द्या. त्यानं तुमच्या खात्यात येऊन काम करावं, नाव त्याच्या खात्यात जाऊ नये.

वकिलांचा सल्ला घेतला आहे. सेवा धंद्यासाठी घेतली असल्यामुळे ग्राहक आयोगात तोच मुद्दा आधी निघेल, असं ते म्हणाले. म्हणून पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. सोबत पावत्या, व्हॉट्सॲपचे संदेश आणि लुकअपच्या नोंदीची छापील प्रत जोडली आहे. तुमच्याकडे असे संदेश असतील तर पुसू नका.

तो माणूस अजून त्याच दुकानात बसतो. शेजारच्या तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अध्यक्ष ताईंचा परवा फोन आला. पापड-कुरड्यांची त्यांची वेबसाइट त्यानंच केली आहे, तीही नव्याण्णवमध्ये. त्यांनी नोंद तपासली, मालक तोच निघाला. नाव गटाच्या नावे करून द्या म्हणून त्यांनी मागणी केली, त्यानं उडवून लावली. त्यांची मुदत संपायला मात्र अजून काही महिने आहेत. ताईंनी गटाच्या नावानं नवीन डोमेन घेतलंय, जुन्या पानावर नवा पत्ता ठळक लावून घेतलाय, आणि पाकिटांची पुढची छपाई नव्या नावाची सांगितली आहे.