सेक्ट्रिक घड्याळ, सात महिन्यांनंतर

फेब्रुवारीत चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, हे स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचं सेक्ट्रिक, म्हणजे थेट विजेच्या प्लगवर चालणारं जुनं घड्याळ, घेतलं तेव्हा विकणारा म्हणाला, "प्लग लावा नि विसरा." सात महिने झाले, विसरू काही दिलेलं नाही त्याने.

बॅकेलाइटची (जुन्या कडक प्लास्टिकची) केस, मागे 200-250 व्होल्ट, 50 सायकल असा छाप. सायकल म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, आजच्या भाषेत हर्ट्झ; अशा घड्याळाचा वेग त्यावरच ठरतो, आणि आपली वीज 50 ची. म्हणूनच घेतलं. शेजारी एक देखणं अमेरिकन टेलिक्रॉन होतं, पण 60 सायकलचं. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येतं, सायकल बदलत नाही. आपल्या विजेवर ते तासाला दहा मिनिटं मागे पडलं असतं.

घरी आणल्यावर आधी वायर बदलली. जुनं रबर बोटात भुग्यासारखं सुटत होतं. कॉइल मीटरवर शाबूत निघाली. नशीब, कारण केसाएवढ्या तारेचं वाइंडिंग करायला सहसा कुणी तयार होत नाही. रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, मात्र बोटानेही हलेना. पिव्होटवर, म्हणजे प्लेटच्या भोकात फिरणाऱ्या आसाच्या टोकावर, जुन्या तेलाचा डिंक झालेला. सगळं उघडून पेट्रोलने धुतलं, टूथपिकला टोक काढून प्लेटची भोकं साफ केली. चौथी टूथपिक स्वच्छ बाहेर आली तेव्हा थांबलो.

आणि मग माती खाल्ली. शिलाई मशीनचं तेल घातलं, तेही सढळ हाताने. एप्रिलच्या उकाड्यात घरघर सुरू झाली. उघडून बघतो तर तेल प्लेटभर पसरलेलं आणि पिव्होट कोरडा. आता घड्याळाचं सिंथेटिक तेल, सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. सगळा पावसाळा त्यावर निघाला.

वेळेचं म्हणाल तर ही मोटर ग्रिडच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याच्या, तालावर चालते, आणि आपल्या ग्रिडची ठरलेली मर्यादा 49.90 ते 50.05 हर्ट्झ. 49.95 वर राहिली तर तासाला 3.6 सेकंद गेलेच. पुढे-मागे होत राहतं. आठवड्यातून एकदा फोनशी जुळवून घेतो.

लाईट गेली की हे थांबतं आणि आपणहून सुरू होत नाही, मागची खुंटी फिरवून सोडावी लागते. आई वैतागते, "लाईट कधीची आली, हे आपलं बसलंय!" मला ती सोय वाटते. आपणहून चालू होणारं घड्याळ त्यानंतर दिवसभर चुकीची वेळ ठामपणे दाखवत राहतं. हे निदान बंद पडलंय ते कळतं तरी.

उशाशी मात्र ठेवू नका. आवाज पूर्ण गेला असं मी म्हणतो; बायको म्हणते, तुमचे कान गेलेत.