प्रतिध्वनीच्या शोधासाठी गुरुत्वीय लहरींचा खुला डेटा: एक परीक्षण

दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली की अवकाशात पसरणाऱ्या गुरुत्वीय लहरींतली (अवकाश-काळाच्या तरंगांतली) उरलेली कंपने क्षणार्धात विरून जातात, असे सामान्य सापेक्षता सिद्धांत सांगतो. मात्र घटनाक्षितिजाच्या (जिच्या आतून काहीच बाहेर येऊ शकत नाही त्या कृष्णविवराच्या सीमेच्या) जागी लहरी परतवणारे काही असेल, तर मुख्य संकेतानंतर ठरावीक अंतराने क्षीण प्रतिध्वनी उमटायला हवेत. ते स्वतः शोधू पाहणाऱ्याला लायगो, व्हर्गो आणि काग्रा या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या उपकरणांचा (शोधकांचा) डेटा ‘ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटर’ या संकेतस्थळावर मोफत, खाते न उघडता मिळतो.

तेथे प्रत्येक घटनेभोवतीच्या ३२ सेकंदांची आणि ४०९६ सेकंदांची अशा फाइली असतात. नवखा अभ्यासक साहजिकच लहान फाइल उचलतो, पण प्रतिध्वनीसाठी ती अपुरी आहे. १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या घटनेसाठी प्रतिध्वनींतील अपेक्षित अंतर सुमारे ०.३ सेकंद आहे. म्हणजे ३२ सेकंदांत अशी जेमतेम शंभर अंतरे बसतात, आणि निव्वळ गोंगाटातून तसाच आकार किती वेळा उमटतो हे तेवढ्यावरून ठरवता येत नाही. मोठी फाइल त्याच्या १२८ पट आहे. या सेवेचे खरे मोल संकेताइतकेच त्याच्या आसपासच्या या गोंगाटात आहे, असे माझे ठाम मत आहे.

अबेदी, डायकार आणि अफशोर्दी या संशोधकांनी २०१६ च्या डिसेंबरमध्ये प्रतिध्वनींच्या खुणा दिसल्याचे मांडले, ते याच खुल्या डेटावरून. आणि इतरांनी पार्श्वभूमीचा गोंगाट अधिक विस्ताराने तपासून त्या खुणांचे वजन कमी असल्याचे दाखवले, तेही याच डेटावरून. पुढे शोधक चालवणाऱ्या गटांच्या स्वतःच्या तपासण्यांतही प्रतिध्वनींचा पुरावा मिळाला नाही. दावा आणि फेरतपासणी दोन्हींना एकच आधार मिळावा, याहून मोठी शिफारस कोणती?

१७ ऑगस्ट २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या घटनेत लायगोच्या लिव्हिंग्स्टन येथील शोधकाच्या नोंदीत विलीनीकरणाच्या जरा आधी उपकरणाचा मोठा झटका आला होता. तो काढून टाकलेली फाइलही येथे मिळते. शोध घेणाऱ्याने मूळ आणि स्वच्छ केलेली, दोन्ही रूपे शेजारी ठेवून पाहावीत, कारण झटका वजा करतानाही काही अवशेष राहू शकतो.

शिकवणीचे पायथॉन नोटबुक उत्तम आहेत. मात्र त्यांचा भर विलीनीकरणाचा संकेत ओळखण्यावर असल्याने प्रतिध्वनीचा साचा (डेटाशी ताडून पाहायचा अपेक्षित आकार) आपल्यालाच रचावा लागतो. तक्रार दोन बाबतींत आहे. सेकंदाला ४०९६ नमुन्यांचा डेटा सुमारे १७०० हर्ट्झच्या वर विश्वसनीय नसतो आणि १० हर्ट्झखाली अंशशोधन (कॅलिब्रेशन) नसते, या मर्यादा फाइल उतरवण्याच्या जागीच ठळकपणे लिहायला हव्यात. शिवाय एकाच घटनेच्या अनेक आवृत्त्या असतात. कोणती वापरली याची नोंद न ठेवल्यास आपलाच निकाल पुन्हा काढताना आकडे जुळत नाहीत.