नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये ९ पौंडांचं चिकन पडलं ९० पौंडांना

ऑगस्टमधला शेवटचा सोमवार आणि त्याच्या आदला रविवार लंडनमध्ये असाल, तर नॉटिंग हिल कार्निव्हलला, म्हणजे तिथल्या रस्त्यांवर भरणाऱ्या कॅरिबियन उत्सवाला, जरूर जा. तिकीट नाही, पास नाही. पिसांचे मुकुट घातलेली पथकं, स्टीलपॅन (पोलादी पिंपाचं वाद्य), गल्लोगल्ली भिंतीएवढे स्पीकर, सगळं फुकट. काटकसरीने फिरणाऱ्याला याहून काय हवं? फक्त खाण्यापिण्याचे पैसे कार्डाने देताना सावध राहा. माझ्या फॉरेक्स कार्डावरून (परकीय चलन भरून नेतात ते कार्ड) तिथे ९ पौंडांऐवजी ९० गेले, म्हणजे जवळजवळ दहा हजार रुपये.

२०१७ मध्ये जवळच्याच ग्रेनफेल टॉवर या रहिवासी इमारतीच्या आगीत गेलेल्या ७२ जणांसाठी दुपारी ३ वाजता ७२ सेकंद सगळं संगीत थांबतं. ती शांतता संपून पुन्हा कानठळ्या बसायला लागल्या, तेव्हा मी आणि माझी मैत्रीण लॅडब्रोक ग्रोव्हच्या एका आडगल्लीत जर्क चिकनसाठी (जमैकन मसाल्यातलं भाजलेलं चिकन) उभ्या होतो. मुख्य रस्त्यावर रांगा फार, म्हणून आत वळलो. एक टेबल, अर्ध्या कापलेल्या पिंपावर धुरकट भाजणारं चिकन, पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेला भाव. विक्रेता गोडबोल्या, "कुठून आलात, इंडिया?" वगैरे. डब्यात भात भरता भरताच त्याने डाव्या हाताने कार्ड मशीन पुढे केलं. अंगठा आणि तळवा बरोबर स्क्रीनवर. मी टॅप केलं, हिरवा दिवा लागला, मशीन लगेच खाली गेलं. पावती मागितली तर "रोल संपलाय, डार्लिंग."

यातली खरी मेख अशी की ब्रिटनमध्ये तेव्हा १०० पौंडांपर्यंत टॅपला सहसा पिन लागत नव्हता. ९० टाकले की मशीन मुकाट पैसे घ्यायचं. ९०० टाकले असते तर पिन मागितला असता आणि आकडा माझ्या डोळ्यांसमोर आला असता. म्हणजे हे बोट चुकून एक शून्य जास्त दाबलं गेल्याचं प्रकरण वाटत नाही, नाहीतर स्क्रीन झाकायचं कारण काय?

मेसेज वेळेवर आला नाही. भारतातलं सिम रोमिंगशिवाय पडून होतं, आणि गर्दीत इंटरनेटचा पत्ता नव्हता. रात्री मैत्रिणीच्या घरी वायफायवर ॲप उघडलं तेव्हा कळलं. व्यवहारासमोरचं नाव असं, की त्यावरून खाण्याचा ठेला ओळखणं अशक्य. सोमवारी गेलो तर तिथे टेबल नाही, पिंप नाही. पोलिसांच्या १०१ नंबरवर तक्रार नोंदवली, पण विक्रेत्याचं नाव-गाव काहीच सांगता येईना.

बँकेचं पहिलं उत्तर ठरलेलं: कार्ड तुमच्याच हातात होतं, टॅप तुम्हीच केलंत. पावती नसेल तर रक्कम चुकीची कशी ठरवायची? कामी आला तो मैत्रिणीने काढलेला फोटो. माझ्या हातात डबा, आणि मागे पुठ्ठ्यावर ठळक "£९". तो जोडून डिस्प्यूट फॉर्म भरलाय. स्थिती अजून "प्रक्रियेत".

"कार्निव्हल म्हणजे चोरांचा बाजार" हे ऐकून घेऊ नका. त्याच दिवशी एका आजींनी उरलेले सुटे पैसे द्यायला आम्हाला मागून हाका मारल्या होत्या. जाणाऱ्यांनी एवढं करा: भावाच्या पाटीचा फोटो घ्या, मशीनवरचा आकडा वाचल्याशिवाय कार्ड पुढे करू नका, आणि जेवणापुरते पौंड रोख ठेवा. बऱ्याच फॉरेक्स कार्डांच्या ॲपमध्ये टॅप बंद करता येतं किंवा मर्यादा कमी करता येते. टॅप बंद केलंत तर ट्यूबसाठी, म्हणजे लंडनच्या मेट्रोसाठी, ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड घ्या. आणि हो, लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशन त्या दोन दिवशी बंद असतं, त्यामुळे आधीच्या एखाद्या स्टेशनवर उतरून चालत जायची तयारी ठेवा.