घर विकण्याआधी ‘तपासणी’ करून घेताय? लातुरात आमचे ४,७३,३०० रुपये असे गेले

हिशेब आधी देतो. तपासणीच्या रिपोर्टचे ११,८००, भिंतींच्या ‘ग्राउटिंग’चे (चिरांत भराव भरण्याचे) ८६,५००, आणि त्याच रिपोर्टवर बोट ठेवून ठरलेल्या ४१,५०,००० मधून पाडून घेतलेले ३,७५,०००. घरात बांधकामाचा धंदा असून हे झालं, म्हणून नातेवाइकांत मान वर करून बोलायची सोय राहिली नाही. तरी लिहितोय, कारण ही एजंट आणि तपासणीवाल्याची जोडी अजून लातूर-धाराशिव भागात जुनी घरं हुडकत फिरतेय.

एजंट आणि तपासणीवाला काही वेळा आतून एक असतात. इथे फरक एवढाच की एजंटने तपासणीची गरज खरेदीदाराच्या नाही, बँकेच्या नावावर खपवली. “काका, रिपोर्टशिवाय त्यांचं होमलोन होत नाही,” असं तो वडिलांना म्हणाला. हे धादांत खोटं आहे. कर्ज देणारी बँक स्वतःच्या पॅनेलवरचा व्हॅल्युअर (किंमत ठरवणारा) पाठवते. विकणाऱ्याने आणलेल्या खासगी कागदावर ती कर्ज देत नाही. वडील घरी एकटे, मी जालन्याला स्लॅबच्या कामावर, आणि दुसऱ्या जागेचा इसार देऊन बसलेलो. अशा घाईत कोणीही हो म्हणालं असतं.

कळायला हवं होतं ते हातोडीच्या वेळी. पुतणीने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आता कितीदा पाहिला तरी रक्त उसळतं. तो माणूस रिबाउंड हॅमर (उसळीवरून काँक्रीटची ताकद अंदाजायची हातोडी) थेट पिवळ्या डिस्टेंपरवर टेकवतो, दाबतो, खट्ट आवाज येतो, प्लास्टरला वाटाण्याएवढा खड्डा पडतो आणि खाली भुगा सांडतो. मग तो आकडा वाचतो: १८. पुढे १६. पुढे २१. आणि कागदावर लिहितो, ‘कॉलमचे काँक्रीट कमकुवत’. अरे, कॉलमला हातोडी लागलीच कुठे? आतलं प्लास्टर अर्धा इंच जाडीचं, ते मऊच असणार. ही चाचणी करायची तर प्लास्टर खरवडून काँक्रीट उघडं करावं लागतं, कार्बोरंडमच्या दगडाने घासून सपाट करावं लागतं, कडेपासून थोडं आत राहावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी अनेक वेळा आकडा घेऊन विचित्र वाटणारे काढून सरासरी धरावी लागते. एवढं करूनही या हातोडीवरून काढलेली ताकद २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकते. जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेने कडक झालेला असतो, म्हणून तिथे आकडा उलट जास्त येतो. १९९७ च्या घरात १६ आला, तिथेच त्याला हाताला धरून बाहेर काढायला हवं होतं. तुमच्या घरी कोणी प्लास्टरवर हातोडी टेकवली, तर पुढचं काही ऐकू नका.

ओलाव्याचंही तेच. दोन टोकांचं मीटर त्याने न्हाणीघरामागच्या खार फुटलेल्या भिंतीत खुपसलं आणि लाल दिवा दाखवला. हे मीटर मुळात लाकडासाठी आखलेलं असतं. भिंतीत क्षार असले, आत जाळी किंवा लोखंडी पाइप असला की कोरड्या भिंतीतही आकडा चढतो. बोअरच्या पाण्याने बांधलेल्या घरांत खार बऱ्याचदा असतो. गच्ची गळते का हे बघायचं तर गच्चीतलं पाणी वाहून जायचे पाइप बोळ्याने बंद करून २४ तास पाणी कोंडून ठेवा आणि खालून छत बघा. खर्च शून्य.

चिरा मात्र खऱ्या होत्या, आणि त्याचाच त्याने फायदा घेतला. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात चिरा सगळ्यात रुंद असतात, आणि हा आला तो मे महिन्यातच. त्याने फोटो काढले ते कॉलम आणि वीटकाम जिथे मिळतं तिथल्या उभ्या चिरेचे. प्लास्टरआधी त्या सांध्यावर जाळी मारली नाही की ही चीर पडतेच, कारण वीट आणि काँक्रीट तापून-निवून वेगवेगळं हलतं. ती सहसा धोक्याची नसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून जोत्यापर्यंत जाणारी, किंवा बीमवर दिसणारी चीर असेल तर इंजिनिअर बोलवा. चीर वाढतेय का हे कळायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी तडकली तर चीर हलतेय. रिपोर्टमध्ये यातलं काही नव्हतं. ‘किल्लारीच्या पट्ट्यात आहात’ एवढं वाक्य होतं. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली, त्या माणसाला हे वाक्य ऐकवलं की तो ८६,५०० मोजतो. या भीतीचा धंदा केला, याचा राग सगळ्यात जास्त आहे.

आणि ग्राउटिंग म्हणजे काय केलं? प्लास्टरमध्ये अर्धा इंच भोक, त्यात प्लॅस्टिकची नळी, वरून पांढऱ्या सिमेंटचं पाणी. काँक्रीटच्या चिरेत इपॉक्सी (घट्ट होणारी चिकट राळ) भरायचं तर प्लास्टरच्या आत काँक्रीटच्या चिरेपर्यंत पोचावं लागतं. नळ्या आम्ही नंतर हाताने उपटल्या.

तपासणीच्या बिलात १०,००० वर जीएसटीचे १,८०० लावलेत, पण पंधरा अक्षरी जीएसटी नंबर नाही. बिल हातात येताच नंबर पाहा, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. रिपोर्ट आमच्या आधी खरेदीदाराच्या व्हॉट्सॲपवर होता. रिपोर्ट फक्त मालकाच्या हाती, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या. तपासणाऱ्याला दुरुस्तीचं काम कधीही देऊ नका.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. अर्ज ठेवून जा म्हणाले, पोच मागितली तर साहेब नाहीत. महापालिकेत म्हणाले, खासगी व्यवहार. रेराचा (स्थावर मालमत्तेचा) कायदा नोंदणीकृत प्रकल्पांच्या विक्रीपुरता. जुन्या घराच्या एजंटला तो लागत नाही. घर तपासणाऱ्याला वेगळा परवानाच लागत नाही, त्यामुळे तो रद्द करायलाही कोणी नाही. म्हणजे लुटणाऱ्याला सगळी दारं उघडी आणि लुटलेल्याने टेबलं मोजत फिरायचं! फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येते. ठाण्याने गुन्हा घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. हे मला ठाण्यात कोणी सांगितलं नाही, वकिलाने सांगितलं.

ग्राहक आयोगाची वाट वेगळी आहे. दोन वर्षांच्या आत, राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा.

खरी तपासणी हवीच असेल तर महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतः शोधा, एजंटने सुचवलेला नको. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही विचारा. त्याआधी मालमत्ता पत्रक, बांधकाम परवाना आणि गुंठेवारीचा भाग असेल तर नियमितीकरणाचा कागद काढून ठेवा. हे कागद नसले की भाव खरा तिथे पडतो.

याच जोडीने तुम्हालाही गाठलं असेल तर चॅट पुसू नका, पैसे रोख दिले असतील तर तारीख आणि साक्षीदार लिहून ठेवा, आणि भिंतीवरचा हातोडीचा खड्डा बुजवण्याआधी बाजूला पट्टी धरून फोटो काढा.