संमोहनोपचाराचे सहा रविवार: एका प्रशिक्षणवर्गाचे परीक्षण

दातांचे माप घेण्यासाठी अल्जिनेट या मऊ, थोड्या वेळात घट्ट होणाऱ्या लगद्याने भरलेला ट्रे तोंडात सरकवला की काही रुग्णांना लगेच उमासे येऊ लागतात. डोळ्यांतून पाणी वाहते, खुर्चीच्या हातांवरची पकड घट्ट होते आणि ट्रे अर्धवट काढून घ्यावा लागतो. चौदा वर्षांच्या दंतवैद्यकीच्या व्यवसायात अशा रुग्णांसाठी मी घशावर बधिर करणारा फवारा मारून पाहिला, नाकाने श्वास घ्यायला सांगितले, पायाचा अंगठा हलवत ठेवायला लावला. काहींना उपयोग झाला, काहींना झाला नाही. दंतोपचारात संमोहनाचा उपयोग होतो हे वाचनात होते. म्हणून गेल्या वर्षी पुण्यातील एका खासगी संस्थेच्या संमोहनोपचार प्रशिक्षणवर्गात मी नाव घातले. सहा रविवार, दररोज साधारण सात तास, बावीस विद्यार्थी, दोन प्रशिक्षक आणि अठ्ठावीस हजार रुपये शुल्क असे त्याचे स्वरूप होते. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण येथे लिहिलेले गुणदोष अशा बऱ्याच वर्गांना थोड्याफार फरकाने लागू पडतील असे मला वाटते.

पहिल्या रविवारी सकाळचे सत्र इतिहासाचे होते आणि ते उत्तम झाले. व्हिएन्नातून पॅरिसला आलेल्या मेस्मर या वैद्याचा ‘प्राणिज चुंबकत्वा’चा, म्हणजे शरीरातल्या एका अदृश्य द्रवाच्या प्रभावाने रोग बरे होतात हा, दावा, त्याची तपासणी करण्यासाठी १७८४ साली नेमलेली आणि बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिए यांचा समावेश असलेली समिती, आणि परिणाम कोणत्याही अदृश्य द्रवाचे नसून रुग्णाच्या कल्पनाशक्तीचे आहेत हा तिचा निष्कर्ष, हे सगळे प्रशिक्षकांनी सविस्तर सांगितले. त्यानंतर आबे फारिया आले. गोव्यातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये असे मांडले की गुंगी आणणारी शक्ती संमोहनकाराच्या हातातून बाहेर पडत नाही, ती संमोहित होणाऱ्याच्या मनातच असते. एकाग्रता आणि सूचना यांनी ती कामाला लागते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे: पुढे पसरलेले हात आणि समोर मागे झुकलेली स्त्री. लहानपणी आम्ही तो पाहून घाबरत असू. लिस्बनमध्ये राजघराण्यासमोर प्रवचन देताना तरुण फारियांची वाचा बसली, तेव्हा वडिलांनी कोकणीत ‘कातर रे भाजी’ असे पुटपुटून धीर दिला, ही गोव्यात सांगितली जाणारी गोष्ट मी वर्गात सांगितली. ही सगळी माणसे म्हणजे भाजीच आहे, काप ती, असा त्याचा अर्थ. कथा कितपत खरी आहे याची चिंता न करता प्रशिक्षकांनी तिचा उपयोग करून घेतला. मायबोलीतले दोन शब्द योग्य क्षणी कानावर पडले तर भीतीचा सगळा रोख बदलतो, असे ते म्हणाले. संपूर्ण वर्गातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते असे मला आजही वाटते.

बंगालमधील हुगळीत १८४५ साली शल्यक्रिया करताना मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांची वेदना कमी करणारे डॉक्टर जेम्स एस्डेल यांचाही उल्लेख झाला. ईथर आणि क्लोरोफॉर्म प्रचारात येण्याआधीचा तो काळ होता. नंतर मात्र ती पद्धत मागे पडली, आणि पुढे १९५५ साली ब्रिटिश वैद्यक संघटनेने व १९५८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेने संमोहनाला वैद्यकीय उपयोगासाठी मान्यता दिली. हे सांगून प्रशिक्षक मूळ विषयाकडे वळले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी तंत्र शिकवले गेले. आधी पूर्वसंवाद. रुग्णाला संमोहनाबद्दल काय वाटते हे विचारायचे आणि गैरसमज दूर करायचे. आपल्याकडे या शब्दाला मोहिनी, वशीकरण आणि रंगमंचावरचे खेळ चिकटलेले आहेत. कोणी आपल्याकडून नको ते वदवून घेईल, आपण जागे होणारच नाही, आपण बेशुद्ध होऊ, या भीती मनात घेऊनच लोक येतात. संमोहन ही झोप नाही, रुग्ण आवाज ऐकत असतो, हवे तेव्हा डोळे उघडू शकतो, आणि नको असलेली सूचना नाकारू शकतो, हे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. त्यानंतर सूचनाग्राह्यतेच्या, म्हणजे माणूस सूचनांना किती सहज प्रतिसाद देतो हे पाहण्याच्या, चाचण्या आल्या. दोन्ही हात समोर धरायचे, एका हातात जड पुस्तक आणि दुसऱ्या मनगटाला फुगा बांधला आहे असे मनात आणायचे. बोटे एकमेकांत गुंतवून ती सुटत नाहीत अशी कल्पना करायची. किंवा दोऱ्याला टांगलेला लोलक नुसत्या विचाराने कसा हलू लागतो ते पाहायचे. या चाचण्यांमागचे शास्त्रही सांगितले गेले. वाइट्झेनहोफर आणि हिलगार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या स्टॅनफोर्ड मापनपट्टीत अशाच बारा सूचना आहेत. त्यांवरून असे दिसते की संमोहनक्षमता सर्वांत सारखी नसते. काही थोडे लोक फार सहज प्रतिसाद देतात, काहींना जवळजवळ काहीच होत नाही आणि बहुतेक माणसे मधे कुठेतरी असतात. हे शिकवले ते फार बरे झाले. रुग्णाला जमले नाही तर दोष ना त्याचा ना आपला, हे ठाऊक असले की हट्टाने रेटण्याचा मोह होत नाही.

इंडक्शनच्या म्हणजे संमोहनावस्थेत नेण्याच्या पद्धती तीन शिकवल्या. एकोणिसाव्या शतकातले शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांच्यापासून चालत आलेली नजर एका बिंदूवर खिळवण्याची पद्धत, पायापासून डोक्यापर्यंत क्रमाक्रमाने स्नायू सैल सोडण्याची पद्धत, आणि अमेरिकन संमोहनकार डेव्ह एलमन यांची काही मिनिटांत होणारी जलद पद्धत. अवस्था गाढ करण्यासाठी जिना उतरणे, उलटे आकडे मोजणे, आणि डोळे उघडायला लावून पुन्हा मिटायला लावणे, असे मार्ग होते. यातील शेवटचा मला फार प्रभावी वाटला. माझी जोडीदार नगरहून आलेली एक शिक्षिका होती. तिने तिसऱ्यांदा डोळे मिटले तेव्हा तिची मान आपोआप एका बाजूला कलली, श्वास संथ झाला आणि मांडीवरच्या तळहाताची बोटे अलगद उघडली. बाहेर पडायला पाचपर्यंत मोजणे, प्रत्येक आकड्याबरोबर हातापायांत जाग परत येते अशी सूचना देणे, आणि रुग्ण पूर्ण भानावर आला आहे याची खात्री केल्याशिवाय त्याला उठू न देणे, हेही नीट करून घेतले. दुचाकीवरून घरी जाणाऱ्या माणसाला अर्धवट गुंगीत सोडणे किती धोक्याचे आहे हे प्रशिक्षक दर सत्रात बजावत होते.

एवढ्यापर्यंत मी समाधानी होते. अडचण सुरू झाली ती छापील संहितांपाशी, म्हणजे रुग्णाला वाचून दाखवायच्या मजकुरापाशी. संस्थेने दिलेल्या वहीत मराठी संहिता होत्या, पण त्या इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेल्या होत्या. ‘आता तुम्ही स्वतःला एका खोल आणि अधिक खोल विश्रांतीमध्ये बुडताना अनुभवत आहात’ हे वाक्य मी मोठ्याने वाचले तेव्हा माझ्या जोडीदाराच्या कपाळावर आठी आली. मराठीत असे कोणी बोलत नाही, आणि कानाला खटकलेला शब्द माणसाला लगेच जागे करतो. आम्ही दोघींनी वही बाजूला ठेवली आणि साध्या भाषेत बोलायला सुरुवात केली: ‘खांदे सैल सोडा. हात मांडीवर नुसता पडू द्या. पापण्या जड झाल्यासारख्या वाटल्या तर मिटू द्या, नाहीतर राहू द्या तशाच.’ फरक त्याच क्षणी जाणवला. ‘वाटल्या तर’ या दोन शब्दांत रुग्णाला मोकळीक मिळते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन यांच्या अनुज्ञात्मक, म्हणजे हुकूम न देता मुभा देणाऱ्या, शैलीचे मर्म तेच आहे आणि मराठीत ते अगदी सहज बसते. संबोधनाचाही असाच प्रश्न आहे. वहीत सर्वांना ‘आपण’ म्हटले होते. साठीच्या गृहस्थांना ‘काका, तुम्ही’ आणि दहा वर्षांच्या मुलाला ‘तू’ म्हटल्याशिवाय संवाद जुळत नाही, हे दवाखान्यात बसणारा कोणीही सांगेल. दृश्येही तशीच परकी होती: पांढऱ्या वाळूचा समुद्रकिनारा, लिफ्टमधून खाली जाणे. वर्गातील सोलापूरच्या एका विद्यार्थिनीला पाण्याची भीती होती. किनाऱ्याचे वर्णन सुरू होताच तिचे खांदे आखडले. तिला शेवटी आजोळच्या ओसरीवरचा झोपाळा चालला. कोणते दृश्य कोणाला चालेल हे आधी विचारायचे असते, हे प्रशिक्षकांनी तोंडी सांगितले. पण त्याचा सराव करायला वेळ ठेवला नव्हता.

सूचना कशी रचावी यावर फक्त अर्धा दिवस मिळाला, आणि माझ्या मते संमोहनोपचाराचा जीव तिथेच आहे. इंडक्शन एखाद्या आठवड्यात जमते. नेमकी सूचना सापडायला वर्षे लागतात. ‘दुखणार नाही’ असे म्हटले की रुग्णाच्या कानात ‘दुखणे’ तेवढे राहते. त्याऐवजी ‘हिरडी गार पडते आहे, थोडा दाब जाणवेल’ असे म्हणायचे. सूचना होकारार्थी असावी, वर्तमानाची असावी, रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत असावी आणि एका वेळी एकच असावी. संमोहनोत्तर सूचनाही शिकवली. म्हणजे नंतरच्या एखाद्या प्रसंगाशी प्रतिसाद जोडून ठेवायचा. उमासे येणाऱ्या रुग्णासाठी मी ती अशी रचली: ट्रे टाळूला लागला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांना चिकटतात आणि श्वास नाकाने खाली पोटापर्यंत जातो. हे काम मी वर्ग संपल्यावर, घरी बसून, खोडून पुन्हा लिहून केले.

पाचवा रविवार मला गंभीर हरकतीचा वाटला. दुपारचे संपूर्ण सत्र वयप्रतिगमन, म्हणजे संमोहनात मनाने लहानपणात परत नेणे, आणि पूर्वजन्मस्मरण यांना दिले होते. विद्यार्थ्यांना एकमेकांवर प्रयोग करायला लावले. एका तरुणीला बालपणीचा एक त्रासदायक प्रसंग ‘आठवला’ आणि ती रडू लागली. जोडीदार गोंधळून ‘पुढे काय दिसतंय’ असे विचारत राहिला. प्रशिक्षक दुसऱ्या टोकाला होते. ते येईपर्यंत चार-पाच मिनिटे गेली. भावनांचा असा उद्रेक झाला तर त्या व्यक्तीला वर्तमानात कसे आणावे, पाय जमिनीवर टेकवून खोलीतल्या वस्तूंची नावे कशी घ्यायला लावावीत, हे त्यानंतर सांगितले गेले. ते आधी सांगायला हवे होते. त्याहून मोठी हरकत तत्त्वाची आहे. संमोहनात सांगितलेली आठवण अधिक खरी असते हा समज चुकीचा आहे. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या वैज्ञानिक परिषदेने १९८५ सालीच असे म्हटले आहे की संमोहनाने जागवलेल्या आठवणी अधिक अचूक नसतात, उलट माणसाचा त्यांवरचा विश्वास मात्र वाढतो. प्रश्नाच्या ओघात स्मृती घडवली जाऊ शकते. एखाद्याच्या मनात वडिलांबद्दल किंवा काकांबद्दल न घडलेली गोष्ट रुजली तर ती नाती पुन्हा जुळवता येत नाहीत. मी हे लेखी अभिप्रायात नोंदवले. संस्थेचे उत्तर आले की ‘विद्यार्थ्यांची मागणी असते’. हे उत्तर मला मान्य नाही.

कोणाला संमोहन देऊ नये, हा धडा शेवटच्या रविवारी वीस मिनिटांत उरकला. भ्रम किंवा भास होणारा मनोविकार, नशेत असलेली व्यक्ती, निदान न झालेली वेदना आणि औषधाने नियंत्रणात नसलेले झटके अशा बाबी तेवढ्यात सांगून झाल्या. निदान न झालेल्या वेदनेबद्दल तरी थांबायला हवे होते. दाढेची ठणक सूचनेने कमी झाली म्हणून रुग्ण यायचा थांबला आणि आत पू वाढत गेला, तर त्याचे नुकसान मी केलेले असेल. ज्या विकारांत पुरावा चांगला आहे तेही पुरेसे सांगितले गेले नाही; मोठ्या आतड्याच्या संवेदनशीलतेच्या विकारात (आयबीएस) औषधांनी वर्षभरात आराम पडला नाही तर संमोहनोपचाराचा विचार करावा, असे ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ‘नाइस’ संस्थेच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत आहे, याचा उल्लेखही झाला नाही.

प्रमाणपत्रावर ‘क्लिनिकल हिप्नोथेरपिस्ट’ असे छापलेले आहे, आणि त्याबद्दल वाचकांनी सावध राहावे. सहा दिवसांच्या वर्गाने कोणी मानसोपचाराचा अधिकारी होत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी वेगळे शिक्षण आणि नोंदणी लागते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्यावसायिकाच्या व्याख्येत असे प्रमाणपत्रधारक बसत नाहीत. आमच्या वर्गातील सात-आठ जण नोकरी सोडून यावर उदरनिर्वाह करण्याच्या आशेने आले होते. त्यांना हे पैसे भरण्याआधी कोणीतरी सांगायला हवे होते.

माझ्या दवाखान्यात मात्र त्याचा उपयोग झाला. नोव्हेंबरात कवळीच्या मापासाठी एक आजोबा आले. पूर्वी दोन ठिकाणी ते माप अर्धवट सोडून परतले होते. आधी संमती घेतली आणि वीस मिनिटे नुसते बोललो. मग त्यांच्या गावच्या विहिरीवरच्या मोटेचे वर्णन त्यांच्याच तोंडून घेतले आणि तेच त्यांना परत ऐकवले. ट्रे टाळूला लागला तेव्हा त्यांचा अंगठा आणि तर्जनी जुळली. एकदा घसा हलला, पण उमासा आला नाही, आणि अल्जिनेट घट्ट होईपर्यंतची दोन-अडीच मिनिटे ते नाकाने संथ श्वास घेत राहिले. त्यानंतर आणखी सहा रुग्णांवर मी हे केले. चौघांना स्पष्ट फायदा झाला, दोघांना झाला नाही.

जे आधीपासून डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका किंवा नोंदणीकृत समुपदेशक आहेत, त्यांनी पहिल्या तीन रविवारांसाठी हा वर्ग जरूर करावा आणि पूर्वजन्माचे सत्र टाळावे. मी विचारले तेव्हा तसे टाळता येते असे कार्यालयातून सांगितले गेले. ज्यांचा हा पहिलाच व्यवसाय होणार आहे, त्यांनी शुल्क भरण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: वर्ग संपल्यावर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली किती प्रत्यक्ष सत्रे करायला मिळतात, सरावात कोणाला त्रास झाला तर खोलीत मदतीला कोण असते, आणि कोणत्या रुग्णाला परत पाठवायचे हे कोण शिकवते. मला पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘एकही नाही’ असे मिळाले.