जबड्यामुळे कानात आवाज: आधी नाइट गार्ड की आधी फिजिओ?

तक्रार एकच असते, पण दंतवैद्य नाइट गार्ड सुचवतात, कान-नाक-घसा तज्ज्ञ गोळ्या लिहून देतात, फिजिओथेरपिस्ट मानेचे व्यायाम शिकवतात आणि मोबाइलवर पावसाच्या आवाजाचं अॅप सापडतं. नाशिकमध्ये हे सगळं मिळतं. पैसे आणि धीर आधी कुठे खर्च करायचा, हे मात्र कुणी समोरासमोर मांडून सांगत नाही.

आमचं मत आधीच सांगतो. कानाची तपासणी झाली, की पहिले सहा ते आठ आठवडे हाताने केलेली फिजिओथेरपी घ्या आणि जबड्याच्या सवयी बदला. झोपेत दात खाल्ल्याच्या खुणा असतील तर सोबत कडक स्प्लिंट, म्हणजे दातांवर बसवायचा नाइट गार्ड, घ्या. झोप उडाली असेल तर रात्री हलक्या आवाजाची सोबत पहिल्या दिवसापासून ठेवा. गोळ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आवाज जबड्याचाच आहे का?

जबड्याचा सांधा कानाच्या नळीला लागूनच, तिच्या पुढे असतो. पण आवाज येतो तो निव्वळ या शेजारामुळे नाही. चेहरा, जबडा आणि मान यांच्याकडून येणाऱ्या मज्जातंतूंचे संदेश मेंदूच्या खालच्या भागात, जिथे कानाचे संदेश प्रथम पोचतात, तिथेच येऊन मिळतात. स्नायू सतत आवळलेले राहिले की हे संदेश वाढतात आणि ऐकण्याच्या यंत्रणेत नसलेला आवाज उभा राहतो किंवा असलेला आवाज मोठा होतो. तोंड उघडताना येणारी ‘कट्’ ही वेगळी गोष्ट आहे. ती सांध्यातली चकती सरकल्याचा खरा आवाज असते, आणि दुखत नसेल तर तिच्यावर उपचार लागतातच असं नाही.

घरी एक चाचणी करता येते. शांत खोलीत मिनिटभर बसून आवाजाचा अंदाज घ्या. मग पाच सेकंद दात आवळा, तोंड पूर्ण उघडा, खालचा जबडा पुढे काढा, डावीकडे-उजवीकडे सरकवा, मान दोन्ही बाजूंना वळवा, कपाळ तळहातावर दाबा. प्रत्येक हालचालीनंतर आवाज वाढला, कमी झाला की त्याची पट्टी बदलली, ते लिहा. फक्त या चाचणीवर निष्कर्ष काढू नका, कारण जबडा निरोगी असलेल्या अनेकांचाही कर्णनाद, म्हणजे कानातला आवाज, अशा हालचालींनी बदलतो. जोडीला इतर खुणा हव्यात: सकाळी उठल्यावर जबडा ताठ आणि आवाज मोठा, दुखणं आणि आवाज एकाच बाजूला, दोन्हींची सुरुवात साधारण एकाच काळात, किंवा रूट कॅनालसाठी बराच वेळ तोंड उघडं ठेवल्यापासून वाढलेला त्रास.

तोंड किती उघडतं तेही मोजा. वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमध्ये मोठ्या माणसात साधारण ४० मिलिमीटर किंवा जास्त अंतर पडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी बसतात. दोनच बसत असतील तर थांबा. गुटखा, सुपारी किंवा मावा खाणाऱ्याचं तोंड कमी उघडत असेल आणि पूर्वी सहज चालणाऱ्या मिसळीच्या तर्रीने आता तोंड पोळत असेल, तर हा बहुधा सांध्याचा प्रश्न नाही. गालाच्या आतलं आवरण कडक होण्याचा तो आजार असू शकतो आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. तिथे स्प्लिंटचा विचार बाजूला ठेवून आधी तोंडाची तपासणी करून घ्या.

आणखी काही बाबतींत जबडा बाजूला ठेवून आधी कानाच्या डॉक्टरांकडे जायला हवं. नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज, फक्त एकाच कानात सतत येणारा आवाज (त्याच बाजूचा जबडा दुखत असला तरी), चक्कर, चेहऱ्याचा लुळेपणा ही ती लक्षणं. एका-दोन दिवसांत अचानक ऐकू येणं कमी झालं तर त्याच दिवशी जा. स्टिरॉइडचा उपयोग लवकर सुरू केल्यावरच जास्त होतो.

या खुणा नसल्या तरी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, टाळू नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, गोंगाटाच्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्याला किंवा वर्षानुवर्षं ढोल पथकात वाजवणाऱ्याला जबड्याच्या दुखण्याबरोबर वरच्या पट्टीतलं ऐकणंही कमी झालेलं असू शकतं. मग जबडा बरा झाला तरी आवाजाचा काही भाग राहतो, आणि त्याचा दोष फिजिओला किंवा स्प्लिंटला दिला जातो.

फिजिओथेरपी आणि स्प्लिंट

खरी निवड या दोघांत असते. बेल्जियममधल्या अँटवर्पला जबड्याशी निगडित कर्णनाद असलेल्या ८० रुग्णांवर एक चाचणी झाली. ती २०२० साली प्रसिद्ध झाली. नऊ आठवड्यांच्या उपचारात जबड्याची फिजिओथेरपी आणि सवयींचं मार्गदर्शन होतं, आणि दात खाणाऱ्यांना स्प्लिंटही होता. आवाजाचा त्रास कमी झाला. तो पूर्ण गेला असा त्याचा अर्थ नाही. जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल २०२३ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट आहेत: देखरेखीखालचा जबड्याचा व्यायाम, हाताने स्नायू सोडवणं आणि वर्तनोपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा उपचार) यांची जोरदार शिफारस, तर काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटबद्दल सावध नकार. या सूचना दुखण्याबद्दल आहेत, कर्णनादाबद्दल नाहीत. तरी क्रम ठरवायला त्या उपयोगी पडतात.

फिजिओ निवडताना एकच प्रश्न विचारा: ‘जबड्यावर हाताने काम करता का?’ नुसतं मशीन लावून शेक देणं आणि दहा मिनिटांनी घरी पाठवणं, यातून फारसं काही हाती लागत नाही. गालाचा चावायचा स्नायू, कानशिलाचा स्नायू, हातमोजा घालून तोंडाच्या आतून पोचता येणारे खोल स्नायू आणि कवटीच्या तळाशी असलेले मानेचे स्नायू, या सगळ्यांकडे लक्ष देणारी व्यक्ती हवी. तोंडाच्या आतलं काम घरी करू नका.

घरचा भाग मात्र तुमचाच, आणि निम्मं यश त्यावर आहे. ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे टेकवून ठेवा. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून दोन-तीन मिलिमीटर दूर, श्वास नाकाने. जेवताना आणि गिळताना सोडून दिवसभर दात एकमेकांना टेकायलाच नकोत. मोबाइल, संगणकाचा पडदा, गाडीची किल्ली अशा जागी छोटा ठिपका चिकटवा. तो दिसला की दात टेकलेत का ते पाहा.

व्यायामात जीभ टाळूला तशीच टेकलेली ठेवून आरशासमोर तोंड सरळ खाली उघडा. जीभ सुटेल त्याआधी थांबा. सहा वेळा करा, दिवसातून सहा वेळा. मग हनुवटीखाली दोन बोटं ठेवून हलका विरोध करत सहा सेकंद धरा. रात्री पंधरा मिनिटं कोमट ओल्या टॉवेलचा शेक घ्या, आणि गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोनापर्यंत बोटांच्या पेरांनी सावकाश खाली मालिश करा.

यात बिघडतं ते बहुधा घाईने. पहिल्या दोन-तीन सत्रांनंतर त्या रात्री आवाज वाढू शकतो, आणि त्या भीतीने लोक सोडून देतात. वाढ चोवीस तासांत उतरत असेल तर चालू ठेवा. त्याहून जास्त टिकली तर दाब निम्मा करायला सांगा. अडकलेला जबडा जोर लावून उघडायचा नाही. चकती पुढे सरकून अडकलेली असेल तर त्या जोराने सांधा आणखी दुखतो.

आता स्प्लिंट. तो दात खाण्याची सवय थांबवत नाही, फक्त दात वाचवतो आणि काही जणांत स्नायूंवरचा ताण कमी करतो. म्हणून दात झिजून सपाट झालेले असतील, गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी कड असेल, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे असतील किंवा घरच्यांना रात्री करकर ऐकू येत असेल, तर तो घ्यावा. यातलं काही नसेल तर थांबायला हरकत नाही.

घ्यायचाच असेल तर कडक अॅक्रेलिकचा, एका जबड्याचे सगळे दात झाकणारा. माप घेऊन लॅबमध्ये बनतो, म्हणून वेळ आणि पैसे जास्त लागतात, पण ते योग्य ठिकाणी जातात. बसवताना डॉक्टर रंगीत कागद चावायला देऊन ठसे बघतात. विरुद्ध जबड्याचे दात त्यावर दोन्ही बाजूंना एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक-दोन आठवड्यांनी आणि पुन्हा महिन्याने तो घासून जुळवावा लागतो, कारण स्नायू सैल झाले की चावा बदलतो. ही जुळवणी न केल्यामुळेच कित्येक चांगले स्प्लिंट डबीत पडून राहतात.

मऊ स्प्लिंट स्वस्त आणि लवकर मिळतो, पण काही जण तो रात्रभर चघळतात आणि सकाळी जबडा जास्त थकलेला असतो. ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड खेळाडूंच्या दातांना मार लागू नये म्हणून ठीक आहे. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे एकाच दाढेवर भार येतो. फक्त समोरच्या दातांवर बसणारी छोटी पट्टी बरेच महिने वापरली तर मागच्या दाढा वाढून समोरचे दात टेकेनासे होऊ शकतात. आमच्या मते तिच्या वाटेला न गेलेलं बरं.

स्प्लिंट काढल्यावर सकाळी चावा थोडा वेगळा वाटणं साधं आहे. अर्ध्या-एक तासानंतरही दात नेहमीसारखे बसत नसतील तर घालणं थांबवून दाखवा. मोठ्याने घोरत असाल आणि झोपेत श्वास अडकत असेल, तर आधी झोपेची तपासणी. काहींना वरच्या जबड्यातल्या स्प्लिंटमुळे श्वासाचा त्रास वाढतो. धुताना गार पाणी आणि मऊ ब्रश. उकळतं पाणी नको आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीत ठेवणंही नको, आकार बिघडतो.

रात्रीचा आवाज, वर्तनोपचार आणि गोळ्या

नाशिकच्या थंडीत पंखा बंद होतो आणि खोली एकदम शांत होते. डिसेंबर-जानेवारीत ‘आवाज वाढला’ असं वाटण्यात या शांततेचा वाटा मोठा असतो. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज ठेवा. त्याची पातळी कानातल्या आवाजापेक्षा किंचित कमी हवी. पूर्ण झाकून टाकलात तर मेंदूला त्या आवाजाची सवय होत नाही. ऑडिओमेट्रीत ऐकणं कमी निघालं असेल तर श्रवणयंत्र हाच यातला सर्वांत भक्कम उपाय, कारण बाहेरचे आवाज नीट पोचू लागले की आतला मागे पडतो.

वर्तनोपचाराने आवाजाची पातळी कमी होत नाही, त्याचा जाच कमी होतो. चिडचिड, ‘हे आयुष्यभर असंच राहणार’ हा विचार, झोपेची धास्ती, यांवर तो काम करतो. हे मनाचे खेळ आहेत असा त्याचा अर्थ अजिबात नाही. दात आवळणं आणि ताण एकमेकांना वाढवतात, त्यामुळे जबड्यालाही फायदा होतो.

कर्णनाद घालवण्यासाठी मान्यता मिळालेलं औषध आज नाही. बीटाहिस्टिन सर्रास लिहून दिलं जातं, पण २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अहवालात) कर्णनादावर ते बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. गिंको, झिंक, मेलाटोनिन यांची अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी कर्णनादासाठी शिफारस केलेली नाही. जबडा फार दुखत असेल तर थोडे दिवस वेदनाशामक ठीक. अॅस्पिरिनच्या मोठ्या मात्रेने मात्र कानात आवाज येतो. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली लहान मात्रा या कारणाने स्वतःहून बंद करू नका.

दात घासून चावा बदलणं, सगळ्या दाढांना कॅप बसवणं, ब्रेसेस लावणं हे कानातल्या आवाजासाठी कुणी सुचवलं तर नाही म्हणा. नंतर मागे फिरता येत नाही.

खाणं

सहा आठवडे ऊस सोलून खाणं, कडक पेरू, च्युइंग गम, सुपारी बंद. भाकरी ताज्या आमटीत कुस्करून, चिवडा दह्यात भिजवून. सफरचंदाच्या फोडी करा. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा. एका बाजूची दाढ नसल्यामुळे दुसऱ्याच बाजूने चावत असाल, तर ती जागा भरून घेणं योग्य खर्च आहे.

कधी आणि कुठे ठरवायचं

रोज रात्री ठरलेल्या वेळी दोन आकडे लिहा: आवाजाचा त्रास शून्य ते दहा आणि जबड्याचा ताठरपणा शून्य ते दहा. एखादा वाईट दिवस बघून निर्णय घेऊ नका, आठवड्याची सरासरी पाहा. सहा आठवड्यांत जबडा सैल झाला आणि आवाजही उतरला, तर त्याच वाटेवर राहा. जबडा बरा झाला पण आवाज जिथल्या तिथे असेल, तर जबड्यावर आणखी खर्च करण्यापेक्षा श्रवणयंत्र आणि वर्तनोपचाराकडे वळा. दोन्ही आकडे तसेच राहिले तर निदानच पुन्हा तपासायला हवं. सांध्याचा एमआरआय विचारात घ्यायची वेळ ती. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये हाड दिसतं, चकती दिसत नाही.

कानाच्या तपासणीसाठी त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय किंवा आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. जबड्यासाठी पंचवटीतलं एमजीव्हीचं केबीएच दंत महाविद्यालय. तिथे केसपेपर काढताना ओरल मेडिसिन विभाग सांगा, कारण नुसतं ‘दात दाखवायचेत’ म्हटलं की भलत्याच रांगेत तास जातो. ऑडिओमेट्रीचा कागद, चालू गोळ्यांची यादी आणि आकड्यांची वही बरोबर ठेवा. स्प्लिंट ठरला तर निघण्याआधी जुळवणीच्या दोन्ही तारखा केसपेपरवर लिहून घ्या.