खानापूरच्या धंद्याला कुठला नकाशा: माय मॅप्स की क्यूजीआयएस?

बेळगावातला एक मित्र दूध संकलनाचे मार्ग नकाशावर आणायचं म्हणतोय. गूगलचं माय मॅप्स (ब्राउझरमध्येच आपल्या जागांच्या खुणा टाकायचा नकाशा) बरं की क्यूजीआयएस (संगणकावर चढवून नकाशे बनवायचं, मोजायचं सॉफ्टवेअर), असं त्यानं विचारलं. दोन्ही फुकट, दोन्ही मी वापरलेली. त्याला फोनवर सांगितलं तेच इथं लिहितो.

माझा धंदा पशुखाद्याचा. खानापूर तालुक्यात सव्वाशेच्या आसपास गिऱ्हाईकं. सुरुवात माय मॅप्सनंच केली. एक्सेलची यादी चढवली आणि संध्याकाळपर्यंत नंदगड, बिडी, गुंजी, लोंढा सगळीकडं रंगीत टिकल्या. शिकवायला कुणी लागत नाही. एका नकाशात १० थर (म्हणजे एकावर एक ठेवलेल्या वेगवेगळ्या याद्या) आणि यादी चढवताना २,००० ओळींपर्यंत चालतं. आमच्यासारख्यांना एवढं पुरून उरतं. बायकोला दाखवला, तर तिनंच चुकलेल्या दोन टिकल्या उचलून जागेवर ठेवल्या.

क्यूजीआयएसचा पहिला आठवडा मात्र डोकं उठवतो. चाऱ्याच्या मक्याचं बियाणंही मी विकतो, म्हणून एका शेताची हद्द काढून क्षेत्रफळ मागितलं. उत्तर आलं शून्याच्या पुढं शून्यंच शून्यं! नकाशा अक्षांश-रेखांशाच्या अंशांत, म्हणून क्षेत्रफळही चौरस अंशांत. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत, आपला भाग तिच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो. थर त्यात बदलला की चौरस मीटर मिळतात, त्याला १०१.१७ नं भागलं की गुंठे. एवढं कळायला माझ्या दोन रात्री गेल्या. (नुसता सर्व्हे नंबर बघायचा असेल तर दोन्हींच्या नादाला लागू नका, कर्नाटक सरकारचं दिशांक अॅप आहे.)

इथवर माय मॅप्सच पुढं होतं, हे कबूल. पण जांबोटीच्या पुढं आमच्या फोनची रेंज जाते.

गेल्या पावसाळ्यात नवा ड्रायव्हर कणकुंबीकडं पाठवला. वाटेत त्याला मिळेल तिथून फोन आला, "मालक, नकाशा गेला की ओ." रस्ते आधी डाउनलोड करून ठेवता येतात, ते मी केलंही होतं. पण आपण घातलेल्या टिकल्या त्या डाउनलोडात येत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. रस्ता दिसतोय, गिऱ्हाईक दिसत नाही. धो धो पावसात विचारायला रस्त्यावर माणूस नाही. एकाचं खाद्य दुसऱ्याच्या गोठ्यात उतरलं आणि तिसरा माझ्यावर आठवडाभर रुसला. चूक माझीच, पण पुन्हा त्या वाटेला जाववेना.

क्यूजीआयएसचा मोबाइलवरचा भाऊ म्हणजे क्यूफील्ड. घरी नकाशा तयार करायचा, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या फुकट नकाशातले रस्ते घ्यायचे, आपली गिऱ्हाईकं टाकायची आणि अख्खा फोल्डर फोनमध्ये ठेवायचा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, त्यामुळं आमगावच्या जंगलातही निळा ठिपका चालत राहतो. ड्रायव्हर नवीन गोठा दिसला की तिथंच खूण करतो, रात्री मी ती उतरवून घेतो. सगळं जिओपॅकेज या फाइल प्रकारात ठेवा. शेपफाइल या जुन्या प्रकारात माझी मराठी नावं एकदा प्रश्नचिन्हं होऊन आली होती. नावांवरून आठवलं: २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं तेव्हापासून याद्यांत कुठं हे, कुठं ते. नावानं दोन याद्या जोडू नका, जनगणनेतला गावाचा कोड वापरा.

शाळेचा हिशेब जरा वेगळा. माझी बहीण मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते. सहावीच्या पोरांना विहीर, बसथांबा, शाळा टिपायला ती माय मॅप्सच देते. एका तासात होतं, आणि शाळेतल्या जुन्या संगणकांना क्यूजीआयएस झेपतही नाही. पण दहावीला तिनं माझा लॅपटॉप नेला. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते. म्हादई याच तालुक्यातली, ती पश्चिमेला गोव्यात उतरते. असं का? २००० साली अंतराळयानातल्या रडारनं मोजलेल्या उंचीचा ३० मीटरचा नकाशा फुकट मिळतो. तो क्यूजीआयएसमध्ये घालून पाणलोट (कुठलं पाणी कुठल्या नदीला जातं तो भाग) काढला, की दोन नद्यांमधली रेघ पडद्यावर उमटते. पोरांनी त्या रेघेवर आपापल्या आजोळाची गावं शोधली म्हणे. टिकल्यांच्या नकाशात हे जमणारं नव्हतं.

मित्राच्या गाड्या शहर आणि महामार्गालगतच फिरणार असतील तर त्यानं माय मॅप्सवरच थांबावं, उगाच रात्री जागू नयेत. माझा अनुभव एका तालुक्यापुरताच. पण त्याचं एक संकलन केंद्र चोर्ल्याच्या रस्त्यावर, म्हणजे जांबोटी-कणकुंबीच्याच वाटेवर आहे, असं बोलता बोलता कळलं. रविवारी लॅपटॉप घेऊन ये म्हटलंय.